आजारपणात घरून काम केलं आणि पगार कापला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत सहा वर्षं पे-रोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागात होते. दर महिन्याच्या २५ तारखेला हजेरी बंद व्हायची. ज्याच्या रकान्यात काहीच भरलेलं नसेल त्याला एलओपी लावायची, म्हणजे बिनपगारी. हे माझं काम होतं आणि मी ते बिनबोभाट केलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला आणि शेजारच्या टेबलवरच्या मुलीने माझ्याच नावापुढे नऊ दिवस एलओपी लावली. तिचा दोष नव्हता, रकाना रिकामाच होता. ते प्रकरण निस्तरताना जे शिकले ते पुढे सोसायटीतल्या, मग ट्रान्स-हार्बर लोकलमधल्या बायकांना सांगत गेले. आता तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की एकदाच लिहून ठेवते आहे. प्रश्न लोकांच्याच तोंडचे आहेत.

तापात घरून काम केलं. एचआर म्हणतं, "आजारी होतात म्हणजे रजेवर होतात." पगार मिळायला हवा ना?

हवा. पण "मी काम केलं" एवढ्यावर वाद संपत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. पगारातून कोणकोणत्या कारणांनी पैसे कापता येतात त्याची यादी तिच्या कलम १८ मध्ये आहे. यादीत नसलेल्या कारणासाठी कापता येत नाहीत. गैरहजेरी त्या यादीत आहे. पण गैरहजेरी म्हणजे काय हे कलम २० मध्ये सांगताना कायदा जागेवर बोट ठेवतो: नोकरीच्या अटींप्रमाणे जिथे काम करायचं, त्या जागी नसणं. कंपनीचा माणूस हेच वाक्य घेऊन येतो. "यांच्या नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण महापे लिहिलंय. या त्या दिवशी घणसोलीत घरी होत्या. झाली की गैरहजेरी."

याला उत्तर असं की नोकरीच्या अटी फक्त नेमणूकपत्रात नसतात. घरून कामाचं धोरण मेलवर आलेलं असतं, टीममध्ये आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालू असतं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही घरी आहात हे ठाऊक असताना साहेबांनी काम पाठवलेलं असतं. "ती शीट संध्याकाळपर्यंत दे" असा निरोप आला आणि तुम्ही दिली, तर त्या दिवसापुरती तुमची कामाची जागा घर आहे हे कंपनीनेच मान्य केलं. हा एक निरोप डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त वजनाचा आहे.

आणि समजा परवानगी स्पष्ट नव्हती, तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० आहे. कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केलं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. तुमची शीट क्लायंटकडे गेली, बिल लागलं, आणि तुम्ही मात्र 'रजेवर' होतात, हे एका दमात म्हणता येत नाही.

मात्र हेच उलट बाजूनेही लागू होतं. दिवसभर पडून होतात आणि मध्ये दोन मेलना "नोटेड" एवढं उत्तर दिलं, तर तो कामाचा दिवस झाला असं मी तरी म्हणणार नाही. एका दिवसाला एकच नाव असतं, रजा किंवा काम. सगळी भांडणं त्या दिवसाला कोणीच नाव न दिल्यामुळे होतात.

मी सकाळी लिहिलं, "बरं नाही, घरून बघते." साहेबांनी लिहिलं, "ओके, टेक केअर." ही परवानगी झाली का?

या तीन शब्दांनी आमच्या भागात जितके पगार खाल्ले असतील तितके कोणत्याही कायद्याने वाचवले नसतील. "टेक केअर" म्हणजे आराम कर, असं महिनाअखेर साहेब सांगतात. "ओके" म्हणजे घरून काम कर, असं तुम्ही सांगता. दोघंही खरं बोलत असता.

त्या निरोपाच्या पुढे काय झालं ते शोधा. त्या दिवशी काम सोपवलं का, मीटिंगचं बोलावणं आलं का, तुम्ही पाठवलेल्या फाइलवर शेरा मारून परत पाठवली का. यातलं एक जरी असलं तरी "ओके"चा अर्थ तुमच्या बाजूने लागतो. काहीच नसेल तर प्रकरण कमकुवत आहे, हे आधीच सांगून टाकते.

तुमचं स्वतःचं काय झालं?

पगार २२,५००. हा आकडा गमतीशीर आहे. २१,००० च्या वर म्हणून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा नाही, आणि तेव्हाच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याची मर्यादा २४,००० होती म्हणून तो कायदा लागू. नऊ दिवसांचे ६,७५० कापले. त्या नऊपैकी पहिले तीन दिवस मी काहीच केलं नव्हतं. प्लेटलेट उतरत होत्या, नवरा दिवसातून दोनदा रिपोर्ट आणायला धावत होता. पुढचे सहा दिवस मात्र कॉटवर उशीला टेकून पीएफचं चलन, राजीनामे दिलेल्यांचे हिशेब, सगळं केलं, कारण महिनाअखेर होती आणि दुसरं कोणी ते करणारं नव्हतं.

हजेरी ऑफिसच्या दारातल्या अंगठ्याच्या मशीनवर. घरी अंगठा कुठे लावणार? घरून ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरायची वाट म्हणजे व्हीपीएन, लॅपटॉपवरचा त्याच्या नोंदींचा लॉग मागितला तर आयटीने सांगितलं की तो तीस दिवसांनी पुसला जातो. मग एका रात्री फोनमधले जुने एसएमएस चाळताना सापडलं: व्हीपीएनमध्ये शिरताना येणारा ओटीपी. सहा दिवस, रोज सकाळी साडेनऊ ते दहाच्या मध्ये एक, आणि दुपारी लाइन तुटली की आणखी एक. ते एसएमएस माझ्या फोनवर होते, ते कोणी पुसू शकत नव्हतं.

मी फक्त सहा दिवसांचे ४,५०० मागितले. ओळखीचे म्हणाले, नऊचे माग, घासाघीस होईल. पण मला तीन दिवसांबद्दल कोणी विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं आणि मग बाकीचे सहाही गेले असते. कामगार खात्याकडे अर्ज केला, सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस चेक घेऊन आला. चेक देताना म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी?" मी म्हटलं, तुम्हीही एवढ्याशाच रकमेसाठी दोन महिने फिरवलंत.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर "पूर्ण विश्रांती" लिहिलंय आणि मी त्याच दिवसांत काम केलं. आता?

हा खरा पेच. रजा मंजूर करून घ्यायला सर्टिफिकेट दिलं की कंपनी ते फिरवून तुमच्याच अंगावर टाकते: डॉक्टर म्हणतात विश्रांती, मग काम कसं केलं?

घाबरू नका. सर्टिफिकेट तुम्हाला काय सल्ला दिला ते सांगतं, तुम्ही काय केलं ते सांगत नाही. आजारी माणसाने विश्रांती मोडून काम केलं आणि ते कंपनीने स्वीकारलं, तर त्याचा पगार बुडत नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरांना खरं सांगा. "प्रवास टाळावा, घरून हलकं काम करण्यास हरकत नाही" असं लिहून द्यायला कळव्या-विटाव्याच्या कोणत्याही फॅमिली डॉक्टरची ना नसते, फक्त तुम्ही तसं मागायला हवं. तारखा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का बघून घ्या. बरं झाल्यावर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणू नका. पे-रोलवाल्यांना ते लांबून ओळखू येतं, मी ओळखायचे.

कापलेली रक्कम बरोबर आहे का, हे कसं ताडायचं?

पगारपत्रक काढा. 'पेड डेज' आणि 'एलओपी डेज' हे दोन आकडे बघा. पगारपत्रक देणं हे मालकावर बंधनकारक आहे. देत नसतील तर पहिली तक्रार तीच.

कलम २० प्रमाणे कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी: कामावर यायला हवं होतं असे एकूण दिवस खाली, न आलेले दिवस वर. समजा पगार २८,६००, सहा दिवसांचा आठवडा, महिन्यात २६ कामाचे दिवस. दिवसाला १,१०० झाले. तुम्ही गुरुवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत आजारी. मधला रविवार सोडला तर पाच दिवस, म्हणजे जास्तीत जास्त ५,५००. कंपनी काय करते, भागते २६ ने आणि मोजते सहा दिवस, रविवारसकट. झाले ६,६००. याला ऑफिसात 'सँडविच' म्हणतात. रविवार खाली मोजायचा नाही आणि वर मोजायचा, हे हिशेबातच बसत नाही. या एका चुकीपायी अकराशे रुपये जातात आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

रविवारच्या सुट्टीचा विषय निघालाच आहे तर, गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळाली १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. लोखंडे जन्मले आपल्या ठाण्यात, १८४८ साली. ठाण्याच्या माणसाचा रविवार कोणी कापत असेल तर निदान त्यांच्या नावाने तरी एक मेल टाकावा.

"काम समाधानकारक नव्हतं म्हणून कापले" असं उत्तर आलं तर तो दंड झाला. दंड करायला कारण आधी सूचना लावून जाहीर केलेलं हवं, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, आणि तो त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये.

पगार किती तारखेपर्यंत यायला हवा?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. "वाद मिटेपर्यंत अख्खा पगार रोखून ठेवलाय" असं चालत नाही; वाद सहा दिवसांचा असेल तर बाकीचे दिवस वेळेवर द्यावेच लागतात.

कंपनीने मला न विचारता माझ्या रजा वापरून टाकल्या. पगार कापला नाही, पण रजा गेल्या.

हे जरा सौम्य दुखणं आहे, पण रजा म्हणजेही पैसेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, त्या वर्षाअखेर संपतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. 'सिक लीव्ह' म्हणून जे मिळतं ते कंपनीच्या धोरणातून येतं, म्हणून धोरणाची प्रत जवळ ठेवा.

ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाची रजा खर्ची पडली असेल तर मागणी पैशांची करू नका, रजा परत जमा करण्याची करा. एचआरला ते द्यायला सोपं जातं. पैसे द्यायला तीन सह्या लागतात, रजा परत टाकायला एक क्लिक.

माझा ईएसआयसी आहे. घरून काम करू की आजारपणाचे पैसे घेऊ?

दोन्ही एकाच दिवशी नाही. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे लोक स्वतःच अडकतात.

पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. त्याबदल्यात, सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के मिळतात, लागोपाठच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) लाभकाळांत मिळून ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. पण ज्या दिवशी तुम्ही काम केलं किंवा भरपगारी रजेवर होतात, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही.

रबाळ्याच्या एका मुलाचं उदाहरण सांगते. पगार १८,०००, म्हणजे रोजचे साधारण ६००. कावीळ, दहा दिवस. ईएसआयसीचे हिशेबाने आठ दिवसांचे, रोज ४२० प्रमाणे ३,३६० मिळाले असते. साहेब म्हणाले, "ईएसआयसी तर घेशीलच, जरा फोनवर ऑर्डर घेत जा." याने दहाही दिवस ऑर्डरी घेतल्या. कंपनीने "तू ईएसआयसीवर होतास" म्हणून पगार दिला नाही आणि याने काम केल्याचे पुरावे दाखवले असते तर ईएसआयसीही गेली असती. दोन्ही दोर त्याच्या स्वतःच्या गळ्यात. शेवटी त्याने पगार मागायचं ठरवलं, ईएसआयसीचा दावा केलाच नाही. दहा दिवसांचे ६,००० मागितले, ते मिळायला चार महिने गेले. त्याने योग्यच केलं असं मला वाटतं, पण खरं योग्य उत्तर पहिल्या दिवशीचं होतं: "साहेब, मी ईएसआयसीच्या रजेवर आहे, फोन घेणार नाही." वागळे इस्टेटच्या किंवा वाशीच्या कामगार विमा रुग्णालयातून, नाहीतर तुमच्या दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्यायचं आणि फोन उलटा ठेवायचा.

मी एजन्सीच्या पे-रोलवर आहे, काम मोठ्या कंपनीत. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पगार देण्याची जबाबदारी आधी एजन्सीची. तिने नाही दिला तर ज्यांच्याकडे तुम्ही काम करता त्या कंपनीची. संहितेच्या कलम ४३ मध्ये हे आहे. म्हणून पहिल्या पत्रापासून दोघांनाही प्रत पाठवा. मोठ्या कंपनीच्या अनुपालन (कायदे पाळले जातात का ते बघणाऱ्या) विभागात ते पत्र पोचलं की एजन्सीचा फोन त्याच संध्याकाळी येतो, हा अनुभव.

आजारी असताना घरून काम हा माझा हक्क आहे का?

सरसकट नाही. मालक म्हणू शकतो की एकतर या, नाहीतर रजा टाका. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, आपसात ठरवून घरून काम करता येईल अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा कायदा वाजवी सोयी करून द्यायला सांगतो. बाकी सगळं धोरणावर आणि साहेबाच्या मूडवर.

पुरावा म्हणून काय काय जमवू?

कामाची वेळ दाखवणारं काहीही: पाठवलेल्या मेलची यादी, मीटिंगचं बोलावणं आणि त्यात तुमचं नाव, सिस्टिममधली कामाची टिकिटं बंद केल्याच्या वेळा, शीटची बदलनोंद, ओटीपीचे एसएमएस, साहेबांचे व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते फोटो काढून गप्पा पुसू नका, मूळ फोनमध्ये राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं.

एक सावधगिरी. घाबरून ऑफिसच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते, आणि मग चार हजारांच्या वादात कंपनीच तुमच्यावर चढते. स्क्रीनचा फोटो घेताना विषय, तारीख, वेळ एवढंच येऊ द्या, क्लायंटचा डेटा नको. हे सगळं लॅपटॉप परत करण्याआधी.

पुरावा थोडा असला तरी हिरमुसू नका. संहितेच्या कलम ५९ प्रमाणे देय पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालकाला नोंदवही ठेवावीच लागते.

पीएफचं पासबुकही बघा. एलओपी लागली की त्या महिन्याची वर्गणी कमी होते आणि कंपनी पीएफच्या विवरणात तेवढे दिवस 'एनसीपी' म्हणून दाखवते, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस. मी हे शेकडो वेळा भरलं आहे. पैसे परत मिळाले तरी हा आकडा दुरुस्त करायला कोणी आठवणीने जात नाही. तुम्ही लेखी मागा.

अर्ज कुठे करायचा?

आधी कंपनीला लेखी. मेल तर कराच, शिवाय स्पीड पोस्टाने. हाती देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख दिसेल अशी. पोच नसलेलं पत्र हे पत्रच नव्हे. मजकूर लहान ठेवा, असा:

"मी दि. ८ ते १३ या सहा दिवशी आजारी असूनही घरून काम केले. त्या काळात आपल्या विभागाकडून मला काम सोपवण्यात आले व मी ते पूर्ण करून पाठवले. तपशील सोबत जोडला आहे. तरीही सदर दिवस बिनपगारी दाखवून रु. ४,५०० कापण्यात आले आहेत. ही कपात रद्द करून रक्कम १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी व पगारपत्रक दुरुस्त करून द्यावे."

कोणाचा अपमान नाही, "मानसिक छळ" नाही, पंतप्रधानांना प्रत नाही. कामगार अधिकाऱ्याला दिवसाला अशी वीस प्रकरणं वाचायची असतात. त्याला तारीख आणि रक्कम पहिल्या चार ओळींत दिसली पाहिजे.

उत्तर आलं नाही तर कामगार खात्याकडे. इथे एक घोळ नेहमी होतो. नवी मुंबई एक, जिल्हे दोन. ऐरोली, रबाळे, महापे, वाशी, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. त्यांच्यासाठी ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय. खारघर, कळंबोली, तळोजा, पनवेल हे रायगडात. तुम्ही कुठे राहता ते नाही, आस्थापना कुठे आहे ते बघतात. कळव्यात राहून तळोज्यात नोकरी करणाऱ्या बाईंना मी स्वतः चुकीने ठाण्याला पाठवलं होतं, त्यांचा एक दिवस आणि माझं तोंड दोन्ही गेलं. बँक, विमा, रेल्वे, दूरसंचार किंवा न्हावा-शेव्यासारखं मोठं बंदर असेल तर राज्याचं खातं नव्हे, केंद्राचे कामगार आयुक्त.

मुदत किती? वकील लागतो का?

संहितेखाली दावा तीन वर्षांत करता येतो. कर्मचारी स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक, कोणीही करू शकतं. दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि मूळ रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. दहापट ऐकून डोळे चमकतात, पण ती कमाल मर्यादा आहे. तिच्या आशेवर तडजोड नाकारू नका. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचं प्रकरण असेल तर जुन्या कायद्यात मुदत १२ महिन्यांचीच होती. लगेच हालचाल करा.

संहितेला आता २४,००० ची मर्यादा नाही, सुपरवायझर आणि मॅनेजरही 'कर्मचारी' या व्याख्येत येतात. म्हणजे साठ हजार पगारवालाही या वाटेने जाऊ शकतो, जे आधी शक्य नव्हतं.

वकील लागतोच असं नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

राजीनामा दिलाय. आता 'फुल अँड फायनल'मध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात बघू म्हणतात.

नोकरी सुटल्यावर, राजीनामा दिला असला तरी, वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "पंचेचाळीस दिवस लागतात" ही जुनी सवय. अनुभवपत्राच्या बदल्यात "माझे सर्व येणे मिळाले" या कागदावर सही मागतील. सही करावीच लागली तर खाली स्वतःच्या हाताने लिहा: "सहा दिवसांच्या वेतनाबाबत हरकत राखून." आणि त्याचा फोटो काढा.

मला 'कन्सल्टंट' म्हणून ठेवलंय.

पगारावरचा टीडीएस कापतात की व्यावसायिक शुल्कावरचा १० टक्के, ते बघा. दुसरा असेल तर कंपनी म्हणेल तुम्ही कर्मचारीच नाही. पण वेळ, साहेब, रजा, सगळं कंपनी ठरवत असेल तर नुसत्या नावाने निकाल लागत नाही. खरोखरच स्वतंत्र असाल आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली ४५ दिवसांच्या पलीकडच्या थकबाकीसाठी वेगळी वाट आहे, व्याजासकट.

मित्र म्हणतो, कंपनीला एनसीएलटीत खेच.

एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. तिथे दिवाळखोरीच्या अर्जाला किमान थकबाकी १ कोटी लागते. मित्राला चहा पाजा.

घरून काम केलं त्या दिवसांचं वायफाय आणि विजेचं बिल?

ते वेतन नाही, खर्चाची भरपाई आहे. धोरणात असेल तर मागा. नसेल तर मूळ मागणीत घुसडू नका, तीनशे रुपयांपायी साडेचार हजार अडकतील.

मी आत्ताच आजारी आहे. उद्या सकाळी काय लिहू?

काम करणार असाल तर दहाच्या आत, साहेब आणि एचआर दोघांनाही, मेलवर: "मला ताप आहे, प्रवास शक्य नाही. आज १० ते ६ घरून काम करत आहे. आजची हजेरी 'घरून काम' अशी लावावी, रजा टाकलेली नाही." संध्याकाळी त्याच मेलला जोडून दोन ओळी, आज काय काय केलं. आणि काम होणार नसेल तर: "आज आजारपणाची रजा. फोन बंद आहे." मग फोन खरंच बंद करा.